टिल्डाची पहिली पसंती

“अरबी?” मेरनने इस्त्री उभी करून ठेवली. “पहिली पसंती अरबी?”

“हो.” टिल्डा ओट्यावर बसून टोस्टला व्हेजिमाइट लावत होती.

“आणि मँडरिन?”

“मँडरिन घातलंच नाही.”

विद्यापीठ प्रवेशासाठी विषयांच्या पसंत्या भरायची मुदत उद्या संपणार होती. ऑस्ट्रेलियातला डिसेंबरचा उकाडा, समोर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग आणि त्यात हे. मेरनची कानशिलं तापली.

सतरा वर्षांपूर्वी चीनच्या हूनान प्रांतातल्या एका अनाथाश्रमात कुणीतरी हे पोर तिच्या हातात दिलं होतं. तेव्हाच मेरनने मनाशी ठरवलं होतं की एक दिवस ही आपल्या जन्मदात्रीला शोधेल आणि तिच्याशी तिच्याच भाषेत बोलेल. त्यासाठी मेरनने काय नाही केलं! ॲडिलेडमध्ये अशी चीनहून आणलेल्या मुलींची जेवढी कुटुंबं होती, त्या सगळ्यांबरोबर दर चांद्र नववर्षाला नदीकाठी जमायची. उकडताना फुटणारे डंपलिंग न कंटाळता करायची. शनिवारच्या चिनी वर्गात टिल्डाला घातलं, तर ती टेबलाखाली लपून रडली.

“सात वर्षांची होतीस तेव्हा ऐकलं तुझं,” मेरन म्हणाली. “म्हटलं, मोठी झाली की शिकेल. आता झालीस ना मोठी?”

“आई, मला काहीतरी नवीन शिकायचंय.”

“म्हणजे चिनी जुनं झालं का? शब्द तरी किती येतात तुला?”

टिल्डाने टोस्टचा भला मोठा घास घेतला.

कोलिन परसातून लिंबं घेऊन आत आला. बायकोचा चेहरा बघून त्याने ती हळूच टोपलीत ठेवली. “चिनी असो नाहीतर अरबी, भांडी घासायला कोणत्या भाषेत शिकवतात तेवढं विचारा.”

“तू गप रे!”

“बाबा, हसू नका,” टिल्डा म्हणाली. “माझ्या वर्गातल्या रशाच्या आईला गाठ निघाली ना, तेव्हा मी होते दवाखान्यात. दुभाष्या आलाच नाही. डॉक्टर रशाला म्हणाले, तूच सांग आईला. स्वतःच्या आईला कॅन्सर झालाय हे त्या पोरीने अरबीत सांगितलं. मी शेजारी खांबासारखी उभी. एक अक्षर कळत नव्हतं मला.”

मेरनला रशाची आई आठवली, दर ईदला खजुराच्या वड्यांचा डबा पाठवणारी. पण राग काही उतरला नाही. जगात दुःखं आहेतच. म्हणून काय पोरीने आपलं सोडून द्यायचं?

दुपारी तिने नणंदेला फोन लावला. बेव्हने सगळं ऐकून घेतलं आणि खुदकन हसली.

“अगं, या वयात पोरी भाषा निवडत नाहीत, पोरगा निवडतात. तूच म्हणत होतीस ना, सारखी फोन घेऊन गॅरेजमध्ये बसते म्हणून? नाव विचार त्याचं.”

मेरन चपापली. खरंच की. गॅरेजचं दार लोटलेलं असायचं, आतून हसण्याचा आवाज यायचा आणि मेरनची चाहूल लागली की सगळं चिडीचूप. म्हणजे त्या कुणा मुलासाठी हे सगळं चाललंय तर!

संध्याकाळी तिने टिल्डाला मधल्या खोलीत गाठलं. “कोण आहे तो?”

“तो कोण?”

“ज्याच्यासाठी अरबी शिकायचंय तो.”

टिल्डा हसली, मग हसू आवरलं. “तसं कोणी नाहीये गं.”

“मग गॅरेजमध्ये कुणाशी गुलूगुलू बोलत असतेस?”

टिल्डा कानापर्यंत लाल झाली. “सांगेन. पण आज नको. तू एवढी चिडलेली असताना तर नकोच.”

“चिडू नको तर काय करू?” मेरनचा आवाज चिरकला. “तुला कडेवर घेऊन दुकानात गेले की लोक विचारायचे, हिची खरी आई कुठाय? ओठ चावून उभी राहायचे मी. पण त्या बाईचा राग नाही केला कधी. या घरात तिची जागा ठेवली. तुझ्या प्रत्येक वाढदिवसाला तिच्या नावाची एक मेणबत्ती जास्त लावली. आणि तू? उद्या ती दारात येऊन उभी राहिली तर काय बोलशील तिच्याशी? अरबी?”

टिल्डाचे डोळे भरून आले. फोन उचलून ती गॅरेजमध्ये निघून गेली. दार लागलं.

“मेरन, जाऊ दे आता,” कोलिन म्हणाला.

पण मेरन थांबणार नव्हती. चांगला फोन हिसकावून घेते आणि त्या पोराला दोन शब्द सुनावते, म्हणत ती तरातरा गेली. न विचारता तिने दार ढकललं.

टिल्डा पालथ्या क्रेटवर बसली होती. फोन रंगाच्या डब्याला टेकवलेला. पडद्यावर कुणी पोरगा नव्हता. चाळिशीची एक बाई होती, केस कसेबसे बांधलेले, डावी भुवई किंचित वर चढलेली, अगदी टिल्डाची चढते तशी. आणि टिल्डा रडत रडत तिच्याशी चिनी बोलत होती. कुठेही न अडखळता, भराभर, भांडल्यासारखं. त्यातला एकच शब्द मेरनला कळला. “मा.”

टिल्डाने वर पाहिलं. “आई... तुला वाईट वाटेल म्हणून मी...”

पडद्यावरच्या बाईने तिला काहीतरी दटावलं. टिल्डाने डोळे पुसले आणि फोन मेरनकडे वळवला.

त्या बाईने घाईने कॉलर नीट केली.

“ताई,” पाठ केलेल्या इंग्रजीत, एकेक शब्द जपून ठेवत ती म्हणाली, “चिनी मी शिकवलं. अरबी शिकू दे तिला.”