नाव बदलण्याची सोय

"कर दोन्हींत वाचतो," सल्लागार म्हणाला. "प्रश्न एवढाच, की किती आणि कोणत्या अटीवर."

लोकांना मुलांच्या कॉलेजची काळजी लावायची आणि मग तिच्यावर उपाय म्हणून खातं सुचवायचं, हा त्याचा धंदा होता. त्याच्या स्वतःच्या मुलाने कॉलेज अर्धवट सोडलं होतं. ते तो गिऱ्हाइकांना सांगत नसे.

समोर सोफ्यावर चष्म्यांचा दुकानदार आणि त्याची बायको बसले होते. दोघांच्या मधे त्यांची बारा वर्षांची मुलगी, पाय वर घेऊन.

"शाळेला दांडी वाटतं?" सल्लागाराने विचारलं.

"जरा कणकण आहे," आई म्हणाली.

"तर, पहिलं खातं हिच्या एकटीचं. सूट घसघशीत. पण पैसे हिच्याच कॉलेजला वापरायचे, नाहीतर वाचलेला कर दंडासकट परत. दुसऱ्यात सूट कमी, पण नाव बदलायची सोय आहे. ही नाही गेली कॉलेजात, तर पैसे धाकट्याला."

"पहिलं," दुकानदार म्हणाला.

इतकं चटकन ठरवणारी गिऱ्हाइकं सल्लागाराला आवडत नसत. शंकाच नसल्या तर माणसाने बोलायचं काय?

"विचार करा, साहेब. मुलांचा काय नेम? एकाने माझ्याकडे खातं उघडलं, आणि पोरगी म्हणते मला पावच भाजायचेत."

"ही कॉलेजात जाणार."

दुकानात चष्म्याचा नंबर सांगावा तसं त्याने ते सांगितलं. त्यात घासाघीस नव्हती.

"अहो, ऐकून तर घ्या," बायको म्हणाली.

"ऐकलं."

"बाबा, दुसरं घ्या," मुलगी म्हणाली. ती प्रत्येक गोष्टीत वाद घाले, म्हणून घरात तिला वकीलबाई म्हणत.

"वकीलबाई, तुम्हाला कोणी विचारलंय?"

"खातं माझ्या नावावर ना? मग मलाच विचारायला हवं. आणि धाकट्याचं गणित चांगलंय. माझं अक्षर बघून मला कोण घेईल कॉलेजात?"

"अक्षर बघून कॉलेजात घेत नाहीत."

"तुमच्या वेळी बघत असतील. म्हणून तुम्ही राहिलात."

सल्लागार खो खो हसला. मग आपण एकटेच हसतोय हे लक्षात आल्यावर त्याने घसा साफ केला.

"हिचे पैसे हिलाच मिळणार," दुकानदार म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "त्या खात्यावर दुसऱ्या कोणाचं नाव येणार नाही. विषय संपला."

बायको उठली आणि चहा टाकते म्हणाली. चहाचे रिकामे कप अजून टेबलावरच होते.

"बाबा, प्लीज," मुलगी म्हणाली. "दुसरं."

दुकानदाराने तिच्याकडे बघितलं. हल्ली तो तिला कशालाच नाही म्हणत नसे. गेल्याच आठवड्यात घरात कुत्र्याचं पिल्लू आलं होतं आणि त्याआधी एक पियानो, जो कोणाला वाजवता येत नव्हता. अशा लाडांनी मुलं बिघडतात, असं सल्लागाराचं ठाम मत होतं. मात्र खातं उघडायला जाताना तो मतं घरी ठेवून जाई.

"घ्या दुसरं," दुकानदार शेवटी म्हणाला. "चहाचं काय झालं बघतो." तोही आत गेला आणि दार लावून घेतलं.

सल्लागाराने कागद पुढे केले. "हुशार आहेस हं. भावाचा इतका विचार कोण करतं?"

"काका, नाव बदलायला माझी सही लागते?"

"लागते ना. पण ते खूप पुढचं. तुझी बारावी होईल, मग बघू."

मुलीने बंद दाराकडे बघितलं. मग त्याच्या खिशातलं पेन स्वतःच काढून घेतलं.

"आत्ताच घेऊन ठेवा. डॉक्टरांनी आई-बाबांना उन्हाळ्यापर्यंतचंच सांगितलंय. आणि काका, मला माहितीये हे त्यांना सांगू नका."