आतल्या खोलीतला सूर

दुरुस्तीला आलेल्या इलेक्ट्रिक गिटारचा सूर छेडला की दोन सेकंदांत विझत होता आणि गिऱ्हाईक पाचला येणार होतं.

मला अशी हट्टी दुखणी आवडतात. मी तारा बदलल्या, मानेचे स्क्रू आवळले. तारांखालच्या, आवाज टिपणाऱ्या पिकअपचं चुंबक फार जवळ असलं की तार मोकळी हलत नाही, म्हणून पिकअपही खाली घेतला. पुन्हा छेडलं. सूर पुन्हा गपकन मेला.

"वा, काय लांबलाय गं!" आतल्या खोलीतून नवरा म्हणाला.

"थट्टा पुरे."

"थट्टा कसली? अजून वाजतोय की."

मी ॲम्प्लिफायर बंद करून आत गेले. तो चहाचा कप पोटावर धरून, डोळे मिटून मजेत मान डोलवत होता. मला काहीच ऐकू येत नव्हतं. पण कपातल्या चहावर बारीक तरंग उठत होते.

"जरासा उतरलाय, एवढंच," तो म्हणाला.

मी बाहेर आले आणि सहाही तारा कापून टेबलावर ठेवल्या. गिटारचं नुसतं लाकूड उरलं.

"हं," आतून तो समाधानाने म्हणाला, "आता कसा बरोबर लागला!"