पितरांचं बोलावणं

“पाय दुमड,” गिरजाबाई म्हणाली. “देवांना बोलवायला बसलीस, भात झोडायला नाय.”

मांडवातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. शकूचा उजवा गुडघा दुमडत नव्हता हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, आणि गिरजाबाईला तर सगळ्यांच्या आधी. शकूने पदर ओढून पाय झाकला. तो दुमडला असता तर आज ती गात बसली असती कशाला?

एके काळी रोह्यापासून पेणपर्यंत कबड्डीत डावा कोपरा म्हणजे शकू. समोरचीचा घोटा हातात आला की ती पुन्हा रेषा बघायची नाही. आणि चढाईला जनी, गिरजाबाईची धाकटी. पोरगी कसली, वीज होती मेली. पेणचा सामना जिंकून पोरी टेम्पोतून परत येत होत्या. घाटीच्या वळणावर टेम्पो उलटला. शकूचा गुडघा गेला. जनी गेली. घरात तिच्या लग्नाची बोलणी चालली होती.

बाराव्याला गिरजाबाई चारचौघांत म्हणाली, “हिनंच माझी पोर मैदानात नेली.” त्या दिवसापासून शकूला या घराचा उंबरा बंद. पुढे जनीचं नावही त्या घरात निघेनासं झालं. काढायची छाती कोणाची होती?

शकू लग्न होऊन पेणला रामवाडीत गेली. मैदान सुटलं तरी छातीतला दम सुटला नव्हता. तिची सासू धवलारीण होती. हळदीला धवले गाऊन देवांना आणि पितरांना मांडवात बोलावणारी. तिच्या मागे बसून शकू शिकली. सासू गेल्यावर एकटी गाऊ लागली. पण लोकांची जीभ लोकांच्या तोंडात. “गाते बरी, पण ती खेळाडू बाई. धवलारीण नव्हं,” म्हणायचे. आणि गिरजाबाईसारखीने भरल्या मांडवातून उठवली असती, तर इकडचं कोणीच तिला पुन्हा हळदीला बोलावणार नव्हतं.

तरी ती आली होती. गिरजाबाईचा मुलगा हैबतराव रामवाडीला येऊन सांगून गेला होता, “माझ्या लेकीची हळद हाय. आईनं तुलाच बोलावलंय.” शकूला वाटलं, गावची म्हातारी धवलारीण रंभा आजारी असेल. पण मांडवात पाऊल टाकलं तर रंभा पुढेच बसलेली, धडधाकट, गालात पान धरून. तेव्हा तिने मनाशी ताडलं. गावासमोर जुना राग काढायला बोलावलंय आपल्याला, दुसरं काय?

“चल, उचल,” गिरजाबाई म्हणाली.

शकूने सूर लावला. आधी गावदेवीला बोलावलं, मग वेशीवरच्या मारुतीला. सवयीने ती ओळ एका दमात ओढायची, आणि मागे धरणाऱ्या बायकांना धाप लागायची.

“श्वास घे गो,” मागून कोणीतरी म्हणाली. “हितं तुझी तंगडी धरायला कोन बसलं नाय.”

बायका हसल्या. गिरजाबाई हसली नाही. तिने मान वळवून पाहिलं तसं हसू जागच्या जागी विझलं.

मग पितरांची पाळी आली. पाटावर तांदूळ पसरले होते. घरातल्या थोरलीने गेलेल्या माणसाचं नाव सांगायचं, तांदळावर त्याची सुपारी मांडायची, आणि धवलारणीने ते नाव गाण्यात गुंफून त्याला हळदीला बोलवायचं. गिरजाबाईने सासऱ्याचं नाव सांगितलं. शकूने गायलं. सासूचं सांगितलं. शकूने गायलं. मग नवऱ्याचं नाव दुसऱ्या बाईच्या कानात सांगून तिच्याकडून वदवलं. शकूने तेही गायलं. तिच्या जिभेवर आणखी एक नाव येऊन बसलं होतं. तिने ते दातांमागे धरलं. या घरात ते घ्यायचा हक्क आपला नाही, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

ओळ संपली. गिरजाबाईने कनवटीची गाठ सोडली, आणखी एक सुपारी काढली आणि तांदळावर ठेवली. नाव काही सांगितलं नाही.

शकूने सुपारीकडे पाहिलं, मग गिरजाबाईकडे.

“काकी,” शकू हळूच म्हणाली, “नाव?”

“तुला म्हायती नाय?”

शकूचा हात आपोआप गुडघ्यावर गेला. सूर लावायला तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा तिचा दम तुटला.

पुढे बसलेल्या रंभाने गालातलं पान एका बाजूला सारलं. “मी तुला सांगितलं व्हतं, गिरजे. लगीन न झालेल्या पोरीला पितरांत बोलवत नाय. माझ्या तोंडून ते नाव यायचं नाय.”

“म्हनून तर तू तिथं बसलीस नि ही हितं बसली,” गिरजाबाई म्हणाली.

मग ती शकूकडे वळली. तिची धारदार जीभ तशीच होती. फक्त हनुवटी हलत होती.

“माझ्या हाकेला ती कवा आली नाय. तुझी ऐकली की ताटावरनं उठून धावायची. मार हाक.”