फुटबॉलची बाजू

"अहो मास्तर, क्रिकेट हा काय संघाचा खेळ झाला? दोघं खेळतात आणि बाकीचे सावलीत बसून चहा पितात," चष्मेवाले पलंगाजवळ खुर्ची ओढत म्हणाले.

मास्तरांनी डोळे उघडले नाहीत. "निदान धापा तरी टाकाव्या लागत नाहीत."

"मग तो खेळ कसला? खेळ म्हणजे फुटबॉल!"

दाराशी उभ्या असलेल्या सुनेच्या कपाळाला आठी पडली. मास्तर अंथरुणाला खिळल्यापासून हा माणूस रोज संध्याकाळी टपकत होता, आणि आल्या आल्या हेच दळण सुरू करत होता. बाजारात चष्म्यांचं दुकान आहे, यापलीकडे तिला त्याची काही माहिती नव्हती.

मास्तर शाळेत फुटबॉल शिकवायचे. एका सामन्यात त्यांच्या संघातला एक मुलगा धावता धावता मैदानात कोसळला आणि पुन्हा उठलाच नाही. सामन्याआधी छातीत दुखतंय म्हणाला होता. मास्तर म्हणाले होते, "धावलास की बरं वाटेल." दुसऱ्याच दिवशी त्यांनी नोकरी सोडली. सून या घरात आली ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी. नवऱ्यानं एकदाच तिला हे सगळं सांगितलं आणि बाबांसमोर फुटबॉलचं नाव काढायचं नाही, अशी ताकीद दिली. आता तो बोटीवर नोकरीला होता आणि घर तिच्या गळ्यात होतं.

पलंगासमोर त्या संघाचा फोटो होता. तो काढायला मास्तर तयार नव्हते. सून रोज त्याच्यावरची धूळ पुसायची. कडेला उभा असलेला हसरा मुलगा तोच, हे नवऱ्यानं बोट ठेवून दाखवलं होतं. खेळताना पडू नये म्हणून त्याचा चष्मा काळ्या इलॅस्टिकनं डोक्यामागे बांधलेला होता.

डॉक्टरांनी हात टेकले होते. मास्तरांच्या पोटात अन्न जात नव्हतं. झोपेत ते ओरडायचे, "बस कर, बाहेर ये!" सुनेला आता त्यांनी जगावं असंही वाटत नव्हतं. निदान शांतपणे तरी जावेत, एवढंच तिचं मागणं होतं.

शेवटी एका संध्याकाळी तिनं चष्मेवाल्यांना बाहेरच्या खोलीतच गाठलं.

"काका, दुसरा विषय नाही का हो? बाबांच्या बाबतीत काय घडलंय, तुम्हाला ठाऊक नसेल."

"ठाऊक आहे."

"मग जखमेवर मीठ कशाला चोळता?"

चष्मेवाल्यांनी छत्री कोपऱ्यात उभी केली. "आमचा वाद अर्धवट राहिलाय, सूनबाई. मिटला की नाही येणार."

तिला त्यांचा संताप आला. हाकलून द्यावं असं मनात आलं, पण आतून मास्तरांनीच क्षीण आवाजात विचारलं, "आले का चष्मेवाले?"

गंमत म्हणजे या फुटबॉलच्या वकिलाला फुटबॉलमधलं फारसं काही कळत नव्हतं. पाठ केल्यासारखं बोलायचे आणि मध्येच आपटायचे. त्या दिवशी म्हणाले, "चेंडू रेषेबाहेर गेला की एका हातानं असा झोकात फेकायचा..."

"एका हातानं?" मास्तर खेकसले. "दोन्ही हातांनी! डोक्यावरून!" आणि पाण्याचा पेलासुद्धा न पेलणारे ते हात खरोखरच डोक्यावर गेले. क्षणभर तसेच राहिले.

त्या संध्याकाळी मास्तर पेलाभर दूध प्याले. दुसऱ्या दिवसापासून सून चष्मेवाल्यांना चहा देऊ लागली. राग मात्र पुरता गेला नव्हता.

मग मास्तरांचा आवाज बसत गेला. एकदा ती चहा घेऊन आत आली तेव्हा मास्तर फोटोकडे बघत होते.

"त्या दिवशीसुद्धा हाच खेळ चांगला होता?" त्यांनी विचारलं.

"त्या दिवशीसुद्धा," चष्मेवाले म्हणाले. "मी कुंपणापाशी उभा होतो, मास्तर. तेव्हा पोराकडे तुमची पाठ होती, तुम्हाला दिसलं नसेल. पोरगं हसत धावत होतं. तुम्ही बसवून ठेवलं असतंत तर रुसलं असतं."

मास्तर रडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, असं सुनेला वाटलं. चष्मेवाल्यांनी त्यांचा हात हातात घेतला आणि चहा तसाच निवला.

"फुटबॉल," मास्तर म्हणाले. "फुटबॉलच. जिंकलात तुम्ही."

चष्मेवाले उठले, ते छत्री विसरूनच गेले. त्या रात्री मास्तर ओरडले नाहीत. सकाळी सून उठवायला गेली तेव्हा ते गेलेले होते.

चष्मेवाले अंत्ययात्रेला आले नाहीत. भेटायलाही फिरकले नाहीत. वाद जिंकला, काम झालं, असं म्हणत सुनेनं चार दिवस मनातल्या मनात त्यांना बोल लावले. मग छत्री उचलली आणि बाजार गाठला.

दुकानात त्यांची बायको बसली होती. "ते वाचनालयात गेलेत," ती म्हणाली. "अलीकडे रोज संध्याकाळी जातात. तेवढंच मन रमतं."

छत्री काउंटरवर ठेवताना सुनेची नजर काचेखाली गेली. नव्या फ्रेम्सच्या रांगेत एक जुना, लहान चष्मा होता. एक काच तडकलेली. दोन्ही काड्यांना काळं इलॅस्टिक बांधलेलं.

"तो विकायचा नाही," बाई म्हणाल्या. "आमच्या मुलाचा आहे."

सुनेनं काचेवर बोट टेकवलं. "पण काका तर... फुटबॉलच सगळ्यांत चांगला खेळ, असं रोज आमच्याकडे येऊन..."

"हे?" बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "नाही हो, दुसरे कुणी असतील. पोर गेल्यापासून त्या खेळाचं नाव जरी कानावर पडलं, तरी हे भरल्या ताटावरून उठतात."