फ्रिक्वेन्सी मोकळी ठेवा

“एकेक दार फोडत चाललेत,” रेडिओवरचा माणूस कुजबुजला. “ऐकू येतंय का कुणाला? कुऱ्हाडी आहेत त्यांच्याकडे. ओव्हर.”

चिमणीच्या हातातला चहा मांडीवर सांडला. चटका बसला तसाच सोसून तिने माईक ओढला.

“ऐकू येतंय. अगदी कानाशी बोलल्यासारखं. घाबरू नका भाऊ, मी आहे. ओव्हर.”

चिमणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. आवाज पातळ आणि तोंडाला उसंत नाही, म्हणून हौशी रेडिओवाल्यांनी ते तिला चिकटवलं होतं. घरच्या बोटीच्या केबिनमध्ये दोरखंडाच्या वेटोळ्यावर मांडी ठोकून ती रोज सकाळी त्यांच्याशी गप्पा हाणायची. आजही दादा बाहेर कामाला लागला होता आणि रेडिओकडे लक्ष ठेव, एवढंच तिला बजावून गेला होता.

बोलणारा एका मालवाहू जहाजावरचा वायरमन निघाला. लुटारू दोर टाकून वर चढले होते. पहाऱ्यावरच्या खलाशाला त्यांनी कठड्यावरून सरळ खाली फेकलं होतं. खानसामा मधे पडला, तर त्याच्या पोटात सुरी.

“तो माझ्या मांडीवर आहे,” वायरमन म्हणाला. “रक्त थांबत नाहीये. माझा सदरा बांधला, तोही भिजला.”

“आणि कप्तान?”

“मघापर्यंत तरी जिवंत होता. मी इंजिनाची वीज तोडून लपलोय. जहाज जागचं हलेना, म्हणून वायरमन कुठाय ते सांग, असं म्हणत त्याला बडवतायत. हाताची बोटं मोडली त्याची, मी ऐकलं. पण पठ्ठ्याने तोंड उघडलं नाही.”

तेवढ्यात रेडिओतून एक किंकाळी आली आणि मधेच तुटली.

“चिमणे, मी मास्तर,” किनाऱ्यावरून खरखरता आवाज आला. तिला रेडिओ शिकवला तो याच मास्तरांनी. “मला त्याचं निम्मंच ऐकू येतंय. तटरक्षक दलाला फोन लावू?”

“कळवलंय, मास्तर. निघालेत ते. दहा जण फोन करतील नि दहा ठिकाणं सांगतील, त्यापेक्षा तुम्ही फक्त फ्रिक्वेन्सी मोकळी ठेवा.”

“बरोबर आहे तुझं. संकटाच्या हाकेला पहिली ओ ज्याने दिली, सूत्रं त्याच्याकडे. मंडळी, ऐकलंत ना? चिमणी सांगेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही.” मग ते चिमणीला म्हणाले, “माझ्या वर्गात कधी गप्प बसली नाहीस, आणि आज आम्हाला गप्प बसवतेस.”

“बसा की मग.”

“बसतो गं. दादा आहे ना सोबत? त्याला म्हणावं, उगाच मर्दुमकी गाजवायला जाऊ नकोस.”

“सांगते, मास्तर.”

आणि खरंच सगळे गप्प झाले. एवढा मोठा समुद्र, एवढे कान, पण कुणी साधं खाकरलंसुद्धा नाही.

“भाऊ, आता नीट सांगा. तुम्ही नेमके कुठे आहात?”

वायरमन घुटमळला. “असं उघड रेडिओवर बोलू हे?”

“मग माणसांनी काय अख्खं जहाज हुंगत फिरायचं? तोवर तुमचा खानसामा राहील?”

पलीकडे कण्हणं ऐकू आलं. मग खानसाम्याचाच क्षीण आवाज. “पोरगी बोलतेय का रे? माझ्या लेकीएवढी वाटते. सांगून टाक.”

“पुढच्या टोकाला, नांगराची साखळी ठेवतात त्या खोलीत,” वायरमन म्हणाला. “साखळीच्या ढिगामागे पत्रा आहे, त्याच्यामागे. आतून कडी घातलीय.”

“हातात काही आहे?”

“मोठा पाना आहे. कुणी आलाच तर एकाचं तरी टाळकं फोडीन.”

“वेडेपणा करू नका. अंधारात आपल्याच माणसाच्या डोक्यात घालाल. पाना बाजूला ठेवा आणि कडी काढून बसा. आलेल्याला पत्रा फोडत बसायला नको.”

कडी सरकल्याचा आवाज आला. मग वायरमन रडायलाच लागला. “ताई, तू देवासारखी भेटलीस बघ. यायला वेळ लागेल का गं?”

“नाही हो. जवळच आहेत.”

तिने माईक खुंटीला अडकवला आणि केबिनच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. वर, बोट जिला बांधली होती त्या जहाजाच्या कठड्याशी दादा उभा होता, कुऱ्हाडीचं पातं पँटला पुसत.

“दादा,” तिने हाक मारली, “पुढे, साखळीच्या खोलीत जा. कडी काढून ठेवायला सांगितलंय.”