छतावरची धूळ

खाणीच्या ऑफिसवर सोलर पॅनल बसले, तेव्हा "हे आपल्या पोटावर पाय देणार!" अशी सगळ्यात मोठी बोंब मुकादमांनी मारली होती. पण कोळशाच्या धुळीने पॅनल रोज काळे पडायला लागले आणि ते पुसायचं काम नेमकं त्यांच्याच गळ्यात पडलं.

पुढे खाणच बंद झाली. बाकीचे घरी गेले, मुकादम तेवढे छतावर उरले.

"मुकादम, आता कुठली आलीय धूळ?" साहेब म्हणाले. "आठवडाभर पॅनल स्वच्छ राहिले, की तुम्हालाही कायमची सुट्टी."

आठवडा सरला. पॅनल रोज सकाळी काळेकुट्ट! साहेब चक्रावून गेले.



मुकादमांच्या घरी बायकोने मिक्सर थांबवून झाकण उघडलं. "अहो, कोळसा एवढा बारीक पुरे, की अजून एकदा फिरवू?"