शेजारचं देवघर

खांबेटेकाकूंच्या देवघरासमोर गुडघे टेकून मनू बाळकृष्णाच्या मागे डोकावत होती. हातात आजोबांचा चष्मा होता.

“आई, इथे नाहीत गं आजोबा. काकू म्हणाल्या, देवाघरी गेले. आपल्याकडे देवघरच नाही, म्हणून इथे बघायला आले. चष्मा विसरलेत ना!”

काकू ओशाळल्या. “पोरीला दुसरं काय सांगणार, वृंदा?”

वृंदालाही चार दिवस ते सुचलं नव्हतं. देव मानत नसताना देवाचं नाव कसं घ्यायचं? लेकीशी खोटं तर बोलायचं नव्हतं. ती मनूशेजारी फरशीवर बसली.

“मनू, आजोबा वारले. आता ते कुठेच नाहीत, परत येणारही नाहीत. चष्मा लागणार नाही त्यांना. पण त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं, माझं शरीर डॉक्टर होणाऱ्या मुलांना शिकायला द्या. म्हणून आपण ते मेडिकल कॉलेजात दिलं.”

मनूच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. बराच वेळ ती चष्म्याच्या काड्या उघडत-मिटत राहिली.

“म्हणजे रिटायर होऊनसुद्धा पुन्हा वर्गावर?”

“तसंच म्हण.”

“पण मुलांनी दंगा केला तर? आजोबांना आता ओरडता येणार नाही.”

चार दिवसांत वृंदा पहिल्यांदा हसली. “नाही करणार. शिकवण्यासाठी एवढं कोण देतं?”

काकूंनी मनूच्या हातावर खडीसाखर ठेवली. ती तोंडात टाकून मनू म्हणाली, “काकू, तुमच्या देवाला सांगा, वाट बघू नको. आजोबांची शाळा आहे.”